चार हातांवरून दिसणारा हिरा

गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर नऊ हिरे येऊन पडले. खरे नव्हेत, फोटो. पाठवणारी आमच्या निडीच्या आत्याच्या दिराची नात. तिचं लग्न ठरलंय, अंगठीतला हिरा कुठल्या कटचा घ्यावा हे ठरत नाहीये, आणि घरात कुणीतरी तिला सांगितलं की मंदाआजीला विचार, तिची नजर चांगली. तुझ्या आजीच्या अंगठीतला हिरासुद्धा तिनंच निवडला होता. राउंड, ओव्हल, कुशन, प्रिन्सेस, अशी प्रत्येकाखाली नावं आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र. मी फोन पालथा घातला आणि भांडी घासायला उठले. भांडी झाली, ओटा पुसून झाला, तरी तोंडातली चव जाईना. गोड, गुलाबी, दुधाळ चव. इतकी वर्षं झाली, पण हिरा म्हटलं की मला आधी रोह्याच्या फालुद्याची चव येते. त्या पोरीला अजून काही कळवलेलं नाही. आधी हे लिहून काढते.

आमचं घर पेणला, आणि घर म्हणजे गणपतीचा कारखानाच. पुढची खोली, मधली खोली, माडी, जिथे बघावं तिथे गणपती बसलेले, पांढरे, डोळे न आखलेले. जेवायला बसायचं तर दोन गणपती सरकवून पाट मांडायचा. दिवसभर कुणी ना कुणी साच्यात शाडू थापत असायचं, त्याचा थप् थप् आवाज इतका अंगवळणी पडलेला की अमावास्येला काम बंद असलं की मला घर आजारी वाटायचं. उन्हाळ्यात आई माडीच्या गच्चीवर पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घालायची, आणि खालून वार्निशचा वास वर जायचा. आमच्या पापडांना रंगाचा वास येतो, अशी तिची अण्णांकडे कायमची तक्रार होती. अण्णा म्हणायचे, मग माझ्या गणपतींना हिंगाचा येतो त्याचं काय करू?

माझं काम खडे लावण्याचं. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सोंडेवरची नक्षी, या सगळ्यांत काचेचे खडे बसवायचे. खड्यांच्या पुड्या मुंबईहून यायच्या; काही सपाट, काही टोकदार, काही खूप पैलूंचे. कुठला खडा कुठे, हे अण्णा ठरवायचे आणि त्यांचा नियम एकच होता. खडा चार हातांवरून दिसला पाहिजे. "माणूस देवाला नाक लावून बघत नाय," ते म्हणायचे, "दारातनं हात जोडतो न पुढं जातो. तेवढ्यात दिसला तो खडा." म्हणून खडा डिंकावर टेकवायचा, चार हात मागे जायचं, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. लुकलुकला तर ठेवायचा, नाहीतर उचकटायचा. दहाव्या वर्षी मला हे जमायला लागलं, आणि पंधराव्या वर्षापर्यंत मी असह्य झाले होते. हमरापूरहून डोळ्यांच्या आखणीला येणाऱ्या बायका मला "खडेवाल्या बाईसाहेब" म्हणून चिडवायच्या, आणि मी चिडायच्या ऐवजी अभिमानानं फुगायची. अण्णा पाहुण्यांना सांगायचे, पोरीची नजर बघा. मला ते कौतुक फार आवडायचं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

इंदूआत्या अण्णांची धाकटी बहीण, निडीला दिलेली. सासरी भाताची आणि वालाची शेती, घरात नवरा, सासू आणि धाकटा दीर. सासूला अख्खी वाडी नानी म्हणायची. दीर म्हणजे अरुणकाका, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. आत्याच्या नाकात हिऱ्याची चमकी होती, आणि ती सासरची नव्हे, आमच्याकडची. आमच्या शेजारी राहेलमावशी राहायच्या, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे, आणि रविवारी आत्या त्यांच्याकडेच जेवायची, इतका घरोबा. सगळं कुटुंब इस्रायलला निघालं तेव्हा त्यांनी नाकातली चमकी काढून माझ्या आजीच्या हातावर ठेवली. "तिकडं कोण घालतंय गो नाकात? इंदूच्या लग्नात तिला घाल." तोच हा हिरा. जुन्या पद्धतीचा, वरून सपाट, खालून सपाट, कडेला जेमतेम दोन-चार पैलू. लांबून बघितलं तर नाकावर पाण्याचा थेंब बसलाय असं वाटायचं. अण्णांच्या नियमात तो नापासच. पण आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघितलं की त्याच्या आत खोलवर काहीतरी हलायचं.

आत्याचे यजमान तापाचं निमित्त होऊन गेले. दहाव्याला आई आणि मी निडीला होतो. जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे आणि अजून शिसारी येते. मागच्या पडवीत आत्याला बसवलं, भोवती पाच-सहा बायका. बांगड्या झाल्या, मंगळसूत्र झालं, आणि मग चमकी. वर्षानुवर्षं न काढल्यामुळे फिरकी घट्ट बसलेली. एकीनं डोकं धरलं, दुसरीनं खोबरेल ओतलं, तिसरीनं नाकात बोट घालून पीळ दिला. रक्त आलं. मागून एक बाई म्हणाली, "आटपा गो, पानं मांडायचीत, भात निवतोय." मी त्या बाईचं नाव लिहीत नाही, पण तिची नातवंडं भेटली तरी मला तो भात आठवतो. चमकी निघाली, नानीनं पदराला पुसली आणि आपल्या डब्यात टाकली. याला रीत म्हणतात. बायकांनीच बाईचं नाक पिळायचं आणि वर जेवायला उशीर होतो म्हणून कुरकुर करायची, ही रीत ज्याला सुचली त्याच्या अकलेची मला किळस येते.

परीक्षा झाल्यावर मला आत्याच्या सोबतीला निडीला पाठवलं. ती आता मागच्या पडवीतच असायची. पुढच्या ओटीवर कोणी आलं की नानी नुसती खाकरायची, आणि आत्या उठून आत जायची. मोड आलेल्या वालाचं टोपलं पुढे घेऊन आम्ही दोघी तासन्‌तास बिरडं सोलत बसायचो. बोटांनी दाबलं की दाणा सालातून सुटकन बाहेर येतो, हाताला कडवट वास राहतो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आत्याच्या नाकाच्या भोकात काहीतरी आहे. कडुनिंबाची बारीक काडी, नाकाशी बरोबर कापलेली.

"हे काय गो आत्या?"

"भोक बुजंल ना नायतर," ती इकडेतिकडे बघत म्हणाली. "चमकी नानीच्या डब्यात हाय. वर्ष झालं की मागून घेईन. माझ्या आयशीनं घातलेली वस्तू हाय, ती काय यांच्या घरची नाय. नाय घालता आली तर नाय, पण मला पायजे. कुणाला बोलू नको."

मी मान हलवली. ती रोज सकाळी ताजी काडी खुडायची, घासून गुळगुळीत करायची आणि घालायची. भोक दुखायचं, पाणी यायचं, तरी घालायची. हे मला माहीत होतं. मला काही माहीतच नव्हतं अशी सोय मी स्वतःला या वयात करून देणार नाही.

घरात दुसरीकडे अरुणकाकाच्या लग्नाची घाई चालली होती. घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडे मानतात. खांब गावची मुलगी ठरली. कुंदा तिचं नाव, म्हणजे फोटो पाठवणाऱ्या पोरीची आजी. तिच्या माणसांनी सांगितलं की साखरपुड्याला मुलीच्या बोटात हिऱ्याची अंगठी पाहिजे, थोरल्या बहिणीला मिळाली तशी. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी, आत्या विहिरीवर गेलेली असताना, तिनं मला ओटीवर बोलावलं.

"मंदा गो, रोह्याला येतेस? अंगठी बघायचीय. तुझी नजर चांगली, तुझा बाप सांगत होता. तू गणपतींना खडे लावतेस ना?"

मी नाचतच फ्रॉक बदलला. एस.टी.त खिडकी मला दिली. अरुणकाका सुट्टीवर होता, केसांना तेल लावून पुढे बसलेला. रोहा जवळ आलं तसा कंपन्यांचा तो आंबूस, नाकात बसणारा वास यायला लागला. एरवी मी नाकाला रुमाल लावायची, त्या दिवशी तेही विसरले.

सोनाराचं दुकान बाजारात, चार पायऱ्या चढून. म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा, समोर तराजू आणि मेणाचा गोळा. नानीनं कमरेच्या पिशवीतून गुलाबी कागदाची पुडी काढली आणि उलगडली. आत चमकी. फिरकीच्या खाचेत अजून काळं पडलेलं काहीतरी अडकलं होतं. मी ती ओळखली. ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. नानीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घालून गादीच्या कडेचा दोरा ओढत बसले.

सोनारानं खडा भिंगाखाली धरला. "जुना हाय. कोणाचा?"

"घरचाच," नानी म्हणाली.

मखमलीचा एक डबा काढून सोनारानं उघडला. त्यात काचेचे नमुने होते, हिऱ्याला कुठकुठल्या तऱ्हेनं पैलू पाडतात ते गिऱ्हाइकाला दाखवायचे. पैलू पाडायला खडा मुंबईला जायचा, इथे फक्त निवडायचं. "तुमचा खडा सपाट हाय," तो सांगायला लागला. "याला हा गुलाब कट बरा. खालनं सपाटच राहतो, वरनं पैलू पडतात. दगड जात नाय. उद्या कुणाला परत नाकात घालायचा झाला, तरी बसंल." हे बोलताना तो नानीकडे बघत नव्हता. "आणि हा गोल. याला पोट लागतं, खोली लागते. सपाट दगडातनं हा काढायचा म्हणजे मसुरीच्या डाळीएवढा निघाला तर निघाला."

"आणि बाकीचा?" अरुणकाकानं विचारलं.

"बाकीची भुकटी."

"पण चमकतो कुठला जास्त?"

सोनारानं खांदे उडवले. नानी म्हणाली, "ही पोर सांगंल. पेणची हाय, गणपतीवाल्यांची." आणि तिथे, त्या गादीवर, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीसुद्धा. मी उठले. सोनाराचा मेणाचा गोळा मागून घेतला, त्यावर गुलाब कट आणि गोल कट शेजारी शेजारी टोचले, गोळा तराजूच्या पेटीवर ठेवला, आणि दाराच्या उंबऱ्यापर्यंत मागे गेले. मोजून चार हात. एक डोळा मिटला. अगदी अण्णांसारखा. गिऱ्हाइकं हसली, कुणीतरी "वा गो वा" म्हणालं. गुलाब कट तिथून मंद दिसत होता, मान हलवली तर जरा उजळायचा आणि पुन्हा गप्प. गोल कट जागच्या जागी ठिणग्या फेकत होता. कारखान्यात मी एका क्षणात गोल उचलला असता. पण मी लगेच बोलले नाही, हेही खरं. मी डोळा मिटून उभी होते आणि मला कडुनिंबाची काडी आठवत होती. गुलाब म्हणायला किती वेळ लागला असता? तीन अक्षरं. कुणी जाब विचारला नसता. फक्त मग गंमत गेली असती. गणपतीवाल्यांच्या पोरीनं मंद खडा निवडला असता.

"हा," मी म्हणाले. "गोल. लांबून दिसला पाहिजे."

"झकास!" अरुणकाका म्हणाला.

सोनारानं चष्मा काढून मला जवळ बोलावलं. "पोरी, नीट बघितलंस ना? गणपती दारातनं बघतात. अंगठी हातात असते गो, ती अशी जवळनं बघतात." आणि त्यानं ती चमकी माझ्या डोळ्यांपुढे धरली. त्या खड्यात खोलवर तेच हललं. मी म्हणाले, "आमच्याकडे चार हातांवरनंच बघतात." हेसुद्धा अण्णांच्या आवाजात. त्यानं पुडी बांधली.

मग स्टँडजवळच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात नानीनं मला फालुदा घेऊन दिला. उंच पेला, गुलाबी दूध, खाली शेवया आणि फुगलेला सब्जा. मी तळापर्यंत खाल्ला, वर चमच्यानं पेला खरवडला. अरुणकाकानं विचारलं, आणखी पायजे? मी हो म्हटलं. दुसराही खाल्ला. लोक म्हणतात लहान होतीस, तुला काय कळत होतं. मला ही वाक्यं ऐकवत नाहीत. दुसरा फालुदा खाणाऱ्या पोरीला सगळं कळत होतं. नानीची मला चीड येते, अरुणकाकाची कीव येते, पण किळस, अगदी आतड्यातून येणारी किळस, ती मला त्या पेला खरवडणाऱ्या पोरीची येते, आणि ती पोर कुठे गेलेली नाही. आरशात भेटते.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, रोह्याला काय केलंत? मी म्हणाले, फालुदा खाल्ला. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "बरं झालं," म्हणाली, "इथं तुला काय गोडधोड मिळत नाय." आणि टोपलं पुढे ओढलं.

आत्या पुढे पुष्कळ जगली. मला तिनं कधी अंतर दिलं नाही, माझ्या बाळंतपणाला आली, माझ्या पोरांना मऊ भात भरवला. चमकीचं नाव ना तिनं काढलं, ना मी. तिच्या नाकाचं भोक बुजून तिथे एक बारीकसा खड्डा राहिला होता, आणि म्हातारपणी बोलता बोलता ती त्यावर बोट फिरवायची. फोटो पाठवणाऱ्या त्या नातीला मी हेच प्रकरण पाठवणार आहे. कट तिचा तिनं निवडावा, पण आजीच्या अंगठीची गोष्ट घरात कौतुकानं सांगतात ती पुरी तरी तिला कळू दे. आता एवढं एक राहिलं.

साखरपुडा निडीलाच झाला. ओटीवर माणसं, मांडव, सनई लावलेली. आत्या मागे चुलीपाशी, तांदळाच्या भाकऱ्या थापत. तिला पुढे येऊ द्यायचं नव्हतं. मीही मागेच बसून होते, पुढे जाववत नव्हतं. पंगत उठल्यावर हात धुवायला कुंदा मागच्या दारी आली. साधी, गोल चेहऱ्याची मुलगी, तिला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. थोरली जाऊ दिसली म्हणून ती वाकून पाया पडली आणि कौतुकानं हात पुढे केला.

"ताई, बघा ना. घरातलाच जुना खडा व्हता म्हणे, त्याचाच केलाय."

आत्यानं पिठाच्या हातानं तिचं बोट धरलं. अंगठी डोळ्यांजवळ नेली. मसुरीच्या डाळीएवढा तो खडा, लखलखीत, आत बघायला जागाच नसलेला. तव्यावर भाकरी फुगली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"कुणी निवडला गो?" तिनं विचारलं.

"हिनं!" कुंदानं माझ्याकडे बोट केलं. "हिची नजर चांगली हाय म्हणतात."

आत्यानं बोट सोडलं. ती मागे सरकली, एक पाऊल, दोन पावलं, चुलीच्या पलीकडे भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिथून तिनं एक डोळा मिटला. ती अण्णांची बहीण, त्याच कारखान्यात वाढलेली.

"चांगला हाय," ती म्हणाली. "लांबून दिसतो."

कुंदा खूश होऊन पुढे गेली. आत्यानं नाकाला हात लावला, काडी काढली आणि चुलीत टाकली. मग भाकरी उलटली, एका बाजूनं करपली होती ती आपल्यासाठी बाजूला ठेवली, चांगली माझ्या ताटात घातली आणि वर बिरडं वाढलं.

"जेव गो मंदा," ती म्हणाली. "निवतंय."

आणि मी जेवले.